तीनदा डिस्क पुसायची गरज नव्हती: जेंटू पहिल्यांदा इन्स्टॉल करणाऱ्यास उत्तर

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. ८ जीबी रॅम आणि चार कोअर, आठ थ्रेड असलेल्या जुन्या लॅपटॉपवर तुम्ही जेंटू हा लिनक्सचा प्रकार (डिस्ट्रो) पहिल्यांदाच इन्स्टॉल केला, त्याला पाच दिवस लागले, त्या पाच दिवसांत तीनदा डिस्क पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आणि शेवटी डेस्कटॉप उभा राहिला तेव्हा इमॅक्स या मजकूर-संपादकात मराठी जोडाक्षरे तुटलेली दिसू लागली, असे तुम्ही लिहिले आहे. सगळे सोर्स कोडपासून कंपाइल करावे (मशीनला चालवता येईल अशा रूपात बांधावे) लागते म्हणून हे इतके अवघड आहे, आणि एवढे करूनही मशीन वेगवान झाल्याचे जाणवत नाही, हा तुमचा निष्कर्ष आहे. वेगाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे, पण अवघडपणाचे कारण तुम्ही चुकीच्या जागी शोधले आहे. तुम्हीच दिलेल्या तपशिलावरून हिशेब केला तर कंपायलर प्रत्यक्ष चालू होता तो वेळ दीड दिवसाच्या पुढे जात नाही, आणि त्यातही तुम्ही झोपलेले होतात. उरलेले साडेतीन दिवस गेले ते अर्थ नीट न कळता केलेल्या चार-पाच निवडी निस्तरण्यात. हा दोष तुमचा एकट्याचा नाही, मात्र तो कुठे आहे हे कळल्याशिवाय चौथ्यांदाही तेच होईल.

सुरुवात डिस्क पुसण्यापासून करतो, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे गेला. पहिल्यांदा कर्नल पॅनिक (लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, हात टेकणे) आले म्हणून, दुसऱ्यांदा बूट झाल्यावर नेटवर्क मिळाले नाही म्हणून आणि तिसऱ्यांदा सगळी सिस्टिम ताजी करणारे ‘वर्ल्ड’ अपडेट चालू असताना वीज गेली म्हणून तुम्ही सगळे पुसले. या तिन्ही प्रसंगी डिस्कवरचे काम शाबूत होते. जेंटूमध्ये इंस्टॉलर नावाचा वेगळा प्रोग्राम आपले काम करून निघून जात नाही. तुम्ही यूएसबीवरून एक लिनक्स चालू करता, डिस्कवर स्टेज ३ची फाइल (जेंटूचा किमान पाया) उलगडता आणि सीएचरूट या आदेशाने त्या नव्या घरात पाऊल ठेवता. एकदा आत शिरता आले तर शंभरदाही शिरता येते. यूएसबीवरून पुन्हा बूट करायचे, रूट विभाग (डिस्कचा मुख्य सिस्टिम असलेला भाग) ‘/एमएनटी/जेंटू’वर माउंट करायचा, म्हणजे जोडायचा, बूटसाठीचा ईएफआय विभाग त्याच्या जागी लावायचा, ‘प्रॉक’, ‘सिस’, ‘डेव्ह’ आणि ‘रन’ जोडायचे, सीएचरूट करायचे आणि जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. एकूण सात-आठ आदेश होतात. ते मी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून यूएसबीवर ठेवतो, आणि तुम्हीही तसेच करा.

वीज गेल्याचे प्रकरण तर त्याहून सोपे होते. पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेजे बसवणारा प्रोग्राम, प्रत्येक पॅकेज आधी आडबाजूच्या तात्पुरत्या डिरेक्टरीत बांधून काढते आणि ते पूर्ण झाल्यावरच खऱ्या सिस्टिमवर चढवते. त्यामुळे कंपाइल चालू असताना मशीन बंद पडले तर जे पॅकेज अर्धवट होते तेवढेच पुन्हा पहिल्यापासून बांधावे लागते आणि आधीची दोनशे जागच्या जागी असतात. पुन्हा आत शिरून ‘इमर्ज --रिझ्यूम’ (इमर्ज हा पोर्टेजचा आदेश) दिले की उरलेली यादी पुढे सुरू होते. नेमके फाइली चढवल्या जात असतानाच वीज जाणे शक्य आहे, पण ती खिडकी काही सेकंदांची असते आणि तसे झालेच तर तेवढे एक पॅकेज पुन्हा बसवून भागते.

आता कर्नल पॅनिक. तुम्ही पडद्यावरची ओळ जशीच्या तशी उतरवून दिलीत हे फार चांगले केलेत, कारण निदान त्या ओळीतच आहे. रूट फाइल सिस्टिम माउंट करता आली नाही, असे सांगून कर्नलने शेवटी कंसात ‘०,०’ असे दोन आकडे दिले होते. हे दोन शून्य म्हणजे सांगितलेल्या नावाचे कोणतेही उपकरण कर्नलला दिसलेच नाही. तिथे शून्याऐवजी ८ आणि ३ असे काही आले असते, तर उपकरण सापडले पण त्यावरची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, असा अर्थ झाला असता आणि शोध वेगळ्या दिशेने गेला असता. तुमची डिस्क एनव्हीएमई (जलद एसएसडीचा एक प्रकार) आहे आणि कर्नलची रचना ठरवणाऱ्या मेन्यूकॉन्फिगमध्ये त्या ड्रायव्हरपुढे तुम्ही तारका न देता ‘एम’ दिला होता, म्हणजे तो कर्नलच्या पोटात न जाता वेगळे मॉड्यूल झाला. मॉड्यूलची फाइल रूट विभागावर आणि रूट विभाग वाचायला ते मॉड्यूल हवे, अशी कपाटाची किल्ली कपाटातच राहिली. मधल्या काळात ती हातात देण्याचे काम इनिटरॅमएफएस (बूट होताना रॅममध्ये चढणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम) करते, आणि ते तुम्ही ‘ऐच्छिक’ समजून गाळले होते.

कर्नल स्वतः कॉन्फिगर करणे ही शिकण्यासारखी गोष्ट आहे, पण ती पहिल्या दिवशी करण्याची नव्हे. २०२०पासून जेंटूकडे तयार कॉन्फिगरेशनचा वितरण-कर्नल आहे. ‘जेंटू-कर्नल’ हे पॅकेज तो तुमच्या मशीनवर कंपाइल करते आणि ‘जेंटू-कर्नल-बिन’ तो बांधलेलाच आणून देते. ‘इन्स्टॉलकर्नल’ या पॅकेजला ‘ड्रॅकट’ आणि ‘ग्रब’ हे यूज फ्लॅग (पॅकेजमध्ये कोणती सोय घ्यायची ते सांगणारे शब्द) दिलेत तर इनिटरॅमएफएस तयार करणे आणि बूट मेन्यू ताजा करणे ही दोन्ही कामे कर्नल बसताना आपोआप होतात. आधी हा कर्नल बसवून मशीन बूट होऊ द्या. पुढे महिन्याभराने हौस वाटली तर त्याच्याच कॉन्फिगरेशनवरून स्वतःचा कर्नल कातरून काढा; बिघडला तर ग्रबच्या यादीतील जुना कर्नल निवडून परत येता येते. चालू असलेल्या वस्तूतून एकेक भाग कमी करून पाहणे आणि काहीच चालू नसताना काय राहून गेले ते शोधणे, यांत किती फरक पडतो हे तुम्ही अनुभवलेच आहे.

नेटवर्कच्या बाबतीत जेंटूच्या अधिकृत हँडबुकमध्ये सांगितलेले असले तरी ते अशा जागी येते की माणूस थकून पाने उलटू लागलेला असतो. ओपनआरसी (बूट होताना सेवा सुरू करणारी प्रणाली) असलेल्या ज्या स्टेज ३वरून तुम्ही सुरुवात केलीत, तिच्यात डीएचसीपी क्लायंट, म्हणजे नेटवर्ककडून आपोआप पत्ता मिळवणारा प्रोग्राम, नसतो. यूएसबीवरच्या लिनक्समध्ये तो असतो, म्हणून सीएचरूटच्या आत सगळे डाउनलोड विनासायास होते आणि नेटवर्क आहेच असा समज होतो. रीबूट करताच तो उसना आधार जातो. वायफायसाठी त्याखेरीज ‘लिनक्स-फर्मवेअर’ लागते, आणि ते पॅकेज परवान्याच्या अटीवर अडते, कारण पोर्टेज मुळात फक्त मुक्त परवान्यांची पॅकेजे स्वीकारते. बाकीच्यांना ‘ॲक्सेप्ट लायसन्स’मध्ये किंवा परवान्यांच्या वेगळ्या फाइलमध्ये संमती द्यावी लागते. पहिल्या रीबूटच्या आधी नेटवर्कमॅनेजर, फर्मवेअर, रूटचा पासवर्ड आणि एफएसटॅब (कोणता विभाग कुठे माउंट करायचा त्याची यादी) या चार गोष्टी मी आजही हाताने तपासतो. एफएसटॅबमध्ये स्टेज ३ने दिलेल्या ओळी हा नुसता नमुना असतो आणि त्या सगळ्या टिप्पणीत असतात, हे नवख्याच्या लक्षात येत नाही.

यानंतर मुख्य विषय, म्हणजे ‘मेक डॉट कॉन्फ’ ही पोर्टेजच्या सर्वसाधारण निवडींची फाइल. तुमची फाइल पाहिली तेव्हा तिच्यात साठच्या वर यूज फ्लॅग दिसले, आणि ते कुठून घेतले असे विचारण्याची गरज पडली नाही, कारण त्यातले तीन आता अस्तित्वातच नाहीत. कोणाचीतरी फाइल उचलणे हे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखे आहे. त्याला दिसते म्हणून आपल्याला दिसेल असे नाही. जेंटूमध्ये या निवडींची पायाभूत सोय ‘प्रोफाइल’ने केलेली असते. ‘ईसिलेक्ट’ या आदेशाने डेस्कटॉपचे प्रोफाइल निवडले की ध्वनी, चित्र, छपाई, ब्लूटूथ अशा बहुतेक गोष्टींच्या फ्लॅगची बैठक लागते. त्यावर ‘मेक डॉट कॉन्फ’मध्ये दोन-चार फ्लॅग पुरतात आणि बाकीचे ‘पॅकेज डॉट यूज’मध्ये त्या-त्या पॅकेजपुरते लिहायचे असतात. मी तिथे प्रत्येक ओळीच्या वर हे का लिहिले आणि कधी लिहिले याची टिप्पणी ठेवतो. दोन वर्षांनी ती ओळ कोणत्या अडचणीतून आली होती ते आठवत नाही आणि काढायची हिंमत होत नाही, असा माझाच अनुभव आहे.

तुमची जोडाक्षरे तुटली ती नेमकी अशाच एका ओळीमुळे. फ्रीटाइपला हार्फबझ हवे आणि हार्फबझला फ्रीटाइप हवे, अशी परस्परावलंबनाची गाठ पोर्टेजने दाखवली, तेव्हा तुम्ही ‘मेक डॉट कॉन्फ’मध्ये हार्फबझचा फ्लॅग उणे करून टाकलात आणि गाठ सुटली. ती गाठ जुनी, ओळखीची आहे. पण हार्फबझ काय करते हे पाहा. फॉन्टमधील आकृत्या पडद्यावर उमटवण्याचे काम फ्रीटाइपचे. कोणत्या अक्षरांच्या क्रमातून कोणती आकृती निवडायची, म्हणजे क, हलन्त आणि ष मिळून ‘क्ष’ करायचा, पहिली वेलांटी उच्चारात नंतर येत असली तरी अक्षराच्या आधी काढायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, हे ठरवण्याचे काम हार्फबझचे. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हा फ्लॅग काढल्याचा फारसा फरक जाणवत नाही, म्हणून असा सल्ला बिनदिक्कत दिला जातो. देवनागरीत मात्र ‘प्रश्न’ असा शब्द पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत विखुरतो. पँगोसारख्या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररींना हार्फबझ अनिवार्यच असल्यामुळे तुमच्या डेस्कटॉपच्या मेन्यूत मराठी ठीक दिसले, आणि इमॅक्समध्ये ते यूज फ्लॅगवर अवलंबून असल्यामुळे तिथे मोडले. फॉन्ट बदलून पाहण्यात तुमची एक अख्खी दुपार गेली, पण फॉन्टचा यात काही दोष नव्हता.

ही गाठ सोडवण्याची रीत वेगळी आहे. फ्लॅग उणे करायचा तो फाइलमध्ये लिहून नाही, तर फक्त त्या एका आदेशापुढे, तोही ‘--वनशॉट’ (कायमच्या यादीत न नोंदवता बसवा) देऊन फ्रीटाइपपुरता. फ्रीटाइप हार्फबझशिवाय एकदा बांधले गेले की हार्फबझ बांधता येते, आणि मग फ्रीटाइप पुन्हा नेहमीच्या फ्लॅगसह बांधायचे. तात्पुरत्या अडचणीला कायमची ओळ लिहू नये. आता तुमच्या मशीनवर ती ओळ काढून ‘वर्ल्ड’चे अपडेट ‘--डीप’ आणि ‘--चेंज्ड-यूज’ यांसह चालवा. हार्फबझ आधीच बसलेले असल्याने गाठ पुन्हा पडणार नाही आणि ज्यांचा फ्लॅग बदलला तेवढीच पॅकेजे बांधली जातील.

मराठीचाच विषय निघाला आहे तर आणखी एक. ‘लोकेल डॉट जेन’मध्ये मराठीचे लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) जरूर घाला आणि भाषांतरांसाठीच्या ‘एल१०एन’मध्ये ‘एमआर’ लिहा, म्हणजे लिबरऑफिससारख्या पॅकेजांची मराठी भाषांतरे बसतील. परंतु संपूर्ण सिस्टिमचे लोकेल मराठी करू नका. लिनक्सच्या साध्या मजकुरी कन्सोलला देवनागरी जुळवता येत नाही, म्हणूनच तुम्हाला बूट होताना चौकोन दिसत होते. स्टेज ३च्या ‘मेक डॉट कॉन्फ’मध्ये बांधणीचे संदेश इंग्रजीत ठेवणारी जी ओळ येते, तीही तशीच राहू द्या, अडचण आली की तोच संदेश शोधायचा असतो आणि बग नोंदवताना तोच द्यायचा असतो.

कंपाइल अधेमधे थांबण्याविषयी. ‘मेकऑप्ट्स’मध्ये, म्हणजे एकाच वेळी किती कंपाइल-कामे चालवायची त्या ओळीत, तुम्ही ‘जे९’ लिहिले आहे, म्हणजे ‘थ्रेड अधिक एक’ हा जुना नियम. हँडबुकचा आजचा नियम असा आहे की थ्रेडची संख्या आणि रॅमला २ जीबीने भागून येणारी संख्या यांतील लहान घ्यावी. तुमच्याकडे ती ४ येते. मोठ्या सी++ प्रकल्पांत कंपायलरची एकेक प्रत दीड-दोन जीबी सहज खाते. अशा नऊ प्रती चालल्या की कर्नल नाइलाजाने एखादीला मारतो आणि पडद्यावर ‘किल्ड’ असा शब्द उमटतो. त्यात तुम्ही पोर्टेजची तात्पुरती डिरेक्टरी रॅममध्येच मांडली होती, म्हणजे आधीच अपुऱ्या असलेल्या ८ जीबीत सोर्स कोडही येऊन बसला. ती मांडणी ३२ जीबीवाल्यांसाठी ठीक आहे, तुमच्यासाठी नाही. एखाद्याच पॅकेजला कमी कामगार द्यायचे असतील तर ‘पॅकेज डॉट एन्व्ह’मधून तेवढ्यापुरते ‘जे२’ देता येते.

आणि चूक शोधताना शेवटची ओळ वाचू नका. शेवटी येणारा ‘फेल्ड (कंपाइल फेज)’ हा मजकूर म्हणजे पोर्टेजने लिहिलेला पंचनामा आहे. अनेक कामे समांतर चालत असल्यामुळे खरी चूक त्याच्या कितीतरी वर, कधी दोनशे ओळी मागे, असते. ‘बिल्ड डॉट लॉग’ उघडून ‘एरर’पुढे अपूर्णविराम असलेली पहिली जागा शोधा. जाता जाता, इमर्जच्या यादीत लाल रंगातले फ्लॅग पाहून तुम्ही घाबरलात असे लिहिले आहे. तिथे लाल म्हणजे चालू, निळा आणि उणे म्हणजे बंद, आणि हिरवा व तारांकित म्हणजे मागच्या वेळेपेक्षा बदललेला. रंगांची ही निवड मलाही कधी पटली नाही.

टिल्ड-एएमडी६४, म्हणजे चाचणी शाखेची पॅकेजे घेणे, तुम्ही सरसकट चालू केले आहे, ते तसेच ठेवायचे की काढायचे हे एकदाच ठरवा. चाचणी शाखेतून स्थिर शाखेकडे परतणे कष्टाचे असते, कारण जीलिबसी (जवळजवळ सर्व प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ सी लायब्ररी) खालच्या आवृत्तीवर जायला नकार देते, आणि तो नकार योग्यच आहे. तुमची मांडणी नवी असल्यामुळे मी म्हणेन, राहू द्या. मात्र आठवड्याला अपडेट करण्याची तयारी ठेवा.

वेगाबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे. आपल्याच प्रोसेसरसाठी कंपाइल करायला सांगणाऱ्या ‘मार्च नेटिव्ह’ने काही मोजक्या, आकडेमोडीच्या प्रोग्रामना फायदा होतो, ब्राउझर उघडण्यात तो दिसत नाही. २००२च्या मार्चमध्ये जेंटूची १.० आवृत्ती आली त्या काळी वेग हे मोठे आकर्षण होते, आणि नावही सर्वांत वेगाने पोहणाऱ्या पेंग्विनचे आहे. (त्याचा उच्चार ‘गेंटू’ नव्हे, ‘जेंटू’. अठराव्या शतकात इंग्रज हाच शब्द हिंदूंसाठी वापरत असत, पण डिस्ट्रोचे नाव पेंग्विनावरून आले आहे.) आज मी जेंटू वापरतो ते सिस्टिममध्ये काय असावे आणि काय नसावे हे मला ठरवता येते म्हणून. त्यासाठी सगळे घरी शिजवलेच पाहिजे असा नेमही आता उरलेला नाही. डिसेंबर २०२३पासून एएमडी६४ आणि एआरएम६४साठी जेंटू स्वतःच बांधलेली पॅकेजे पुरवते. ‘--गेटबिनपीकेजी’ दिले आणि तुमचे फ्लॅग त्यांच्याशी जुळले की पॅकेज सरळ उतरते, न जुळले की सोर्सपासून बांधले जाते. साठ फ्लॅग काढून टाकण्याचे हे आणखी एक कारण. फायरफॉक्स, रस्ट आणि लिबरऑफिस यांची ‘बिन’ पॅकेजे तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. ती वापरण्यात कमीपणा नाही. मी सुरुवात केली तेव्हा स्टेज १पासून, म्हणजे पायाही स्वतःच कंपाइल करून, बांधण्याची फुशारकी असे, आणि तिच्यातून मला मिळाले ते तीन रात्रींचे जागरण.

हँडबुकवरची तुमची एक टीका मात्र मला पूर्ण मान्य आहे. ते प्रत्येक वळणावर सर्व पर्याय सारख्याच वजनाने मांडते, आणि कोणता पर्याय नवख्याने घ्यावा हे ठामपणे सांगत नाही. अनुभवी माणसाला ते सोयीचे वाटते, कारण तो नको ती पाने डोळ्यांआड करू शकतो. नव्या माणसाला कोणते पान नको आहे हेच ठाऊक नसते. ‘ऐच्छिक’ हा शब्द तिथे दोन अर्थांनी येतो: कधी ‘गाळले तरी चालेल’ आणि कधी ‘दुसरे काही केले असेल तरच गाळा’. इनिटरॅमएफएसच्या जागी तुम्ही पहिला अर्थ घेतलात, आणि मी तुमच्या जागी असतो तर मीही तोच घेतला असता.

एका गोष्टीचे उत्तर तुमच्याकडून हवे आहे. जीसीसी (कंपायलर) बांधताना मशीन दोनदा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची चूक) देऊन थांबले आणि एकदा आपोआप बंद पडले, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. हे रॅम कमी पडल्याचे लक्षण नाही. जीसीसी दर वेळी त्याच फाइलवर, त्याच ओळीवर थांबत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा असतो. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर रॅमची पट्टी किंवा उष्णता यांचा संशय घ्यावा लागतो. तासन्तास पूर्ण भार देणारे कंपाइलसारखे काम त्या लॅपटॉपने याआधी कधी केले नसेल, आणि पंख्यात वर्षानुवर्षांची धूळ असेल तर तो आता ते करू शकणार नाही. रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट चालवा, ‘सेन्सर्स’ने कंपाइल चालू असतानाचे तापमान पाहा, आणि त्या दोन्ही वेळच्या ‘बिल्ड डॉट लॉग’मधील थांबलेल्या फाइलींची नावे मला कळवा. ती हाती येईपर्यंत यूज फ्लॅगना हात लावू नका, आणि हार्फबझची वरची दुरुस्तीही त्यानंतरच करा.